डब्याखालून प्रवास करणारी वस्ती

बोईसर स्टेशनात पलीकडच्या रुळावर लांब पल्ल्याची गाडी उभी असेल, तर एकदा खिडक्या सोडून डब्याच्या खालच्या बाजूला पाहा. दोन्ही टोकांना, चाकांच्या आसपास, स्टीलच्या चौकोनी टाक्या लटकलेल्या दिसतील. बाहेरून अगदी सामान्य, धुळीने माखलेल्या. पण आत? आत अब्जावधी जीवांची वस्ती आहे. आपण वर बसून वडापाव खात असतो, तेव्हा ही वस्ती आपल्याखालून ताशी शंभर किलोमीटरने धावत असते आणि धावता धावता आपली घाण पचवत असते!

पूर्वी तिथे काय होते? एक नळकांडे. बस्स. संडासाच्या भांड्यातून वाकून पाहिले की खाली पळणारी खडी दिसायची. मुंबई-सुरत लोहमार्ग 1864 मध्ये जोडला गेला तेव्हा तर साध्या डब्यांत तेवढेही नव्हते. गाडी थांबेल तिथे उतरायचे आणि शिटीकडे कान ठेवायचा. 1909 मध्ये बंगालातले ओखिलचंद्र सेन असेच उतरले, गाडी त्यांना सोडून गेली आणि त्यांनी रेल्वेला खरमरीत पत्र लिहिले. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे. पुढे साध्या डब्यांतही संडास आले, पण कित्येक दशके त्याचा अर्थ डब्याच्या तळाला एक भोक एवढाच राहिला.

त्या भोकाची किंमत कोणी मोजली? रोज हातोडी घेऊन रुळांवरून चालणाऱ्या चावीवाल्याने. रूळ स्लीपरला जखडून ठेवते ती वाकवलेल्या जाड सळईची क्लिप. तिच्याखाली, रुळाच्या पायथ्याशी, मलमूत्राचे क्षार आणि ओल साचते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. बोईसरहून विरारकडे जाताना वैतरणा खाडी लागते. तिथे खारे वारे आधीच लोखंडाच्या मुळावर, त्यात वरून हा मारा. माणसाच्या हालांबद्दल तर बोलायलाच नको. फलाटालगतचे रूळ कोणाला तरी साफ करावेच लागत होते आणि ही गोष्ट आपण फार काळ निमूट चालवून घेतली.

2012 मध्ये रेल्वे सुरक्षेवरच्या उच्चस्तरीय समितीने अहवाल दिला. अध्यक्ष होते डॉ. अनिल काकोडकर. तारापूरच्या अणुभट्ट्यांमुळे या पट्ट्यात हे नाव घरोघरी ठाऊक आहे. समितीने रूळ गंजण्यावर बोट ठेवले आणि उघड्यावर सोडणारे संडास बंद करा, असे सांगितले.

सांगणे सोपे. पण टाकी बसवली तर ती रिकामी कुठे करायची? रोज धावणारे हजारो डबे, प्रत्येकाला साधारण चार संडास. इतका मैला उपसायचा तरी किती ठिकाणी?

उत्तर आले बर्फातून. सियाचीनसारख्या ठिकाणी जवानांचा मैला कुजतच नाही, गोठून तसाच राहतो. म्हणून संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी थंडीतही काम करणारे जिवाणू शोधून वाढवले. काही तर अंटार्क्टिकासारख्या प्रदेशातून आणले. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेचा यात मोठा वाटा होता. तीच कल्पना समितीच्या अहवालाआधीच, 2011 मध्ये, ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेसच्या डब्यांखाली लटकवली गेली.

आता टाकीच्या आत शिरू या, कारण खरी जादू इथे आहे. टाकीत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात, म्हणजे आत आलेला माल लगेच बाहेर पळू नये. जिवाणूंना धरून बसायला प्लॅस्टिकच्या गवताची चटई असते. हवा नाही, उजेड नाही. आणि तिथे पंगती बसतात: एका पंगतीचे उष्टे हे पुढच्या पंगतीचे ताट. पहिले जीव पिष्ट, प्रथिने, चरबी यांचे लांबलचक रेणू तोडून लहान करतात. दुसरे त्यांची आम्ले बनवतात. तिसरे त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन काढतात. चौथे त्यातून मिथेन वायू तयार करतात. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातात, उरते बहुतांशी पाणी.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या पंगतीचे नाते मला सर्वांत थक्क करते. हायड्रोजन साचला की तिसऱ्यांचे काम ठप्प होते. त्यांना त्यातून जगण्यापुरतीही ऊर्जा मिळत नाही. चौथे तो हायड्रोजन खाऊन टाकतात, म्हणून तिसरे जगतात. आणि तिसरे तो पुरवतात, म्हणून चौथे जगतात. एकट्याने दोघांचेही भागत नाही!

हे चौथे आहेत तरी कोण? शास्त्रज्ञ त्यांना वर्षानुवर्षे जिवाणूच समजत होते. 1977 मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचा आनुवंशिक वारसा तपासला आणि ही जीवसृष्टीची निराळीच शाखा निघाली. आज तिला आर्किया म्हणतात. ऑक्सिजन त्यांना विष. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन वाढू लागला, तेव्हापासून अशा जिवांना चिखलात, दलदलीत, गाईच्या पोटात दडून राहावे लागले. आणि आता आपण त्यांना रेल्वेच्या डब्याखाली घर दिले आहे.

गोबर गॅस पाहिलेल्या कोणालाही ही साखळी ओळखीची वाटेल. ती तीच आहे. मुंबईत तर 1897 च्या सुमारास माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू वापरला जात होता. त्याच माटुंग्यात 1915 पासून रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना आहे. जुना डबा अशा कारखान्यात आला की नळकांडे कापले जाते, डब्याच्या सांगाड्याला टाकी टांगली जाते, वास अडवणारा पाण्याचा वाकडा सापळा बसतो. आणि मग टाकीत ओततात ते विरजण: आधीच वाढवलेल्या जिवांचे काळपट पाणी. 2020 पर्यंत देशभर अशा अडीच लाखांच्या आसपास टाक्या बसल्या.

सगळ्या सुरळीत चालतात का? नाही. 2017 च्या कॅगच्या अहवालात तुंबलेल्या संडासांच्या ढीगभर तक्रारी आहेत. गुटख्याची पुडी, पाण्याची बाटली, बाळाचे डायपर त्या वाकड्या सापळ्यात अडकले की सगळे थांबते, कारण कोट्यवधी वर्षे जुन्या या जिवांना प्लॅस्टिक पचत नाही. कडक ॲसिड ओतले तर वस्तीच मरते. गंमत अशी, की शेवटच्या टप्प्यावर क्लोरीन आपणच देतो, पण टाकीतून बाहेर पडलेल्या पाण्याला, उरलेले रोगजंतू मारण्यासाठी. आत तोच क्लोरीन जहर.

बोईसरवरून सुसाट जाणाऱ्या वंदे भारतमध्ये तर बटण दाबले की विमानासारखे सर्रकन ओढून घेणारे संडास आहेत. पाणी अगदी थोडे लागते. ते सगळे ओढले जाऊन पोहोचते मात्र खालच्या टाकीतच, त्याच चार पंगतींच्या पुढ्यात.