पाहुण्यांआधी मांडलेली पाने

१८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला जस्ताच्या खनिजात एक नवे मूलद्रव्य सापडले. त्याने त्याचे नाव गॅलियम ठेवले आणि घनता मोजली, ती ४.७ भरली. रशियातून दमित्री मेंडेलीव्हने कळवले, की आकडा चुकला आहे, घनता ५.९च्या आसपास हवी. हे सांगणाऱ्याने गॅलियम डोळ्यांनीही पाहिले नव्हते! ब्वाबोद्राँने धातू आणखी शुद्ध करून घनता पुन्हा मोजली. ५.९च निघाली.

यात ज्योतिष नव्हते. १८६९ मध्ये मेंडेलीव्हने तोवर माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने तेच गुणधर्म परतताना दिसले. पाण्यात पडताच हायड्रोजन सोडणारे लिथियम, सोडियम, पोटॅशियम एका घरातले. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन दुसऱ्या घरातले. ही लय त्याच्याआधी डोबेरायनर आणि न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञांनाही जाणवली होती. पण गुणधर्म जुळेनात तिथे मेंडेलीव्हने पुढचे मूलद्रव्य कोंबले नाही. न आलेल्या पाहुण्याचे पान मांडून ठेवावे, तशी जागा मोकळी सोडली. ॲल्युमिनियमखालच्या पानाचे नाव ‘एका-ॲल्युमिनियम’; त्यातला ‘एक’ थेट संस्कृतमधला. शेजाऱ्यांच्या गुणधर्मांवरून त्याने या पाहुण्याची घनता काढली होती आणि तो सहज वितळेल, असेही सांगितले होते. हा पाहुणा म्हणजेच गॅलियम, आणि ते जेमतेम ३० अंशांना वितळते. आपल्याकडच्या मे महिन्यात ते कपाटातच पातळ होईल. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम आले, आपापल्या पानावर बसले.

शाळेत या मोकळ्या जागांचेच कौतुक होते. मला मात्र टेल्युरियमचे प्रकरण जास्त धाडसाचे वाटते. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, म्हणजे नियमाने ते आयोडीननंतर यायला हवे. पण आयोडीनची सगळी लक्षणे क्लोरीन-ब्रोमीनच्या घरची. मेंडेलीव्हने वजनापेक्षा स्वभावाला मान दिला, स्वतःचाच नियम मोडून टेल्युरियम आधी बसवले आणि त्याचे वजन मोजण्यात चूक झाली असणार, असे ठरवून टाकले.

चूक वजनात नव्हतीच. १९१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोझलीने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले, की मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रकातल्या धनप्रभाराचा आहे. दोन वर्षांनी हा सत्तावीस वर्षांचा तरुण गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. टेल्युरियमचे अणुवस्तुमान आजही १२७.६ आहे आणि आयोडीनचे १२६.९. अणुअंक मात्र टेल्युरियमचा ५२ आणि आयोडीनचा ५३.