तासाभराचं बेट

मालवण जेट्टीवर होडीत बसलात, की थोड्याच वेळात कुरटे बेट. उतरताना होडीवाला बजावतो, ‘तासाभरात परत येवा हां!’ मग काय, दिल्ली दरवाजात सेल्फी, शिवराजेश्वराच्या मंदिरात नमस्कार, तटावर एक रील. झाला सिंधुदुर्ग बघून!

आम्हीही पहिल्यांदा हेच केलं. दुसऱ्या खेपेला मात्र विहिरींपाशी थांबलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी! २५ नोव्हेंबर १६६४ला या किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. तट कितीही भक्कम असू दे, वेढा पडल्यावर प्यायला पाणी नसेल तर तो काय कामाचा? २०२५मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण इथे आजही काही कुटुंबं राहतात, हे किती जणांना माहीत असतं? आमच्यातल्याच एकाने विहिरीच्या कठड्यावर रिकामी बाटली ठेवली होती. लाज वाटली.

तुम्ही जाल तेव्हा सकाळची होडी पकडा. उशिराच्या होडीने परतता येईल का, हे चढतानाच विचारून घ्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात. आणि हो, बाटली परत आणा, बॅगेत जागा असतेच.