दुचाकीवरून कॅमेरा नेताना



गटाच्या कामात आता कॅमेरा आला आहे. पापड-मसाल्याचे फोटो, शेतीशाळेचं नि ग्रामसभेचं चित्रण आपणच करतो. बाईच्या हाती कॅमेरा ही काही कालची गोष्ट नाही. अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने १९८४ मध्येच 'व्हिडिओ सेवा' सुरू केली. भाजी विकणाऱ्या बायाही त्यात चित्रण शिकल्या. काहींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी गावात कोणी म्हणतंच, "बायायच्या हाती कायले देता, फोडतीन!" शिवाय कॅमेरा गटाच्या पैशातून घेतलेला, बिघडला तर भुर्दंड सगळ्यांनाच. म्हणून तो गाडीवरून नीट कसा न्यायचा, ते आज समजून घेऊ.

कॅमेऱ्याचे शत्रू चार: हादरा, धूळ, ऊन आणि पाणी.

पहिला हादरा. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण आपलं काम असतं पांदण रस्त्याच्या टोकाला. इंजिनाची थरथर नि खड्ड्यांचे दणके यांनी कॅमेऱ्याचे बारीक स्क्रू ढिले होतात. चित्र हलू नये म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत नि मोबाईलमध्ये एक नाजूक हलता भाग असतो, त्यालाही इजा होते. मोठ्या मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. म्हणून मोबाईल हँडलवर लावू नका, कॅमेरा कॅरिअरला बांधू नका, डिक्कीतही टाकू नका.

मग ठेवायचा कुठे? दोघी असाल तर मागच्या बाईच्या मांडीवर, दोघींच्या मध्ये. पट्टा तिच्या खांद्यातून आडवा घ्यायचा, म्हणजे एक हात गाडी धरायला मोकळा राहतो. गादी आणि आपलं अंग दणका झेलतं. पिशवीत चारी बाजूंनी फोम किंवा जुन्या गोधडीचे तुकडे घाला. लेन्स निघत असेल तर ती काढून, दोन्हीकडे झाकण लावून वेगळी गुंडाळा. बॅटरी काढून तिच्या डबीत ठेवा. सुट्टी नाणी नि किल्ल्यांसोबत नको.

दुसरी धूळ. काळ्या मातीचा फुफाटा चेनच्या फटीतूनही आत शिरतो. कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. रस्त्यात लेन्स बदलू नका. काचेवर धूळ बसली तर पदराने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याच्या हवेने उडवा, मग मऊ कापडाने पुसा.

तिसरं ऊन. अकोल्याचा मे महिना म्हणजे ४५ अंश! उभ्या गाडीची डिक्की तर भट्टीच होते. कॅमेरा सोबत सावलीत न्या. बॅगेवर फिक्कट सुती कापड टाका.

चौथं पाणी. पावसाळ्यात बॅगेवर मेणकापड नि आत नव्या चपला-बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा. कॅमेरा भिजलाच तर सुरू करून पाहू नका. बॅटरी काढा, कोरडा पुसा, दुरुस्तीवाल्याकडे न्या.

तिपाई आडवी धरू नका, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागते. ती गाडीच्या लांबीत, दोन ठिकाणी पक्की बांधा. पट्टे, दोऱ्या, पदर चाकात जाणार नाहीत हे पाहा. साडी-गार्ड काढून ठेवू नका.

आणि सर्वांत आधी आपला जीव. हेल्मेट दोघींनाही, आणि गाडीवर दोघीच. कायदाही तेच सांगतो. गाडी घसरली तर बॅग सोडा, स्वतःला सांभाळा. कॅमेरा पुन्हा घेता येईल.

चित्रण संपलं की मेमरी कार्ड काढून छोट्या डबीत, बटव्यात ठेवा. कॅमेरा दुरुस्त होतो. हरवलेलं चित्रण पुन्हा मिळत नाही. या गोष्टी गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि कॅमेरा कोणी, कधी, कशा स्थितीत नेला-आणला, याची वही आजच घाला.