पत्त्याचा मालक कोण?

पत्त्यांच्या जोडाचा मालक कोण, हा प्रश्न आमच्या लहानपणीं कोणास पडल्याचें आठवत नाहीं. जोड घराचा असे. माजघरांतल्या कोनाड्यांत तो पडलेला असावयाचा. त्यांतली किलवरची सत्ती हरवली म्हणजे तिच्या जागीं पोस्टकार्डाचा कापलेला तुकडा येई, आणि त्या तुकड्यावर शाईनें काढलेली सत्ती अस्सल सत्तीइतकीच चाले. पानाला स्वतःची अशी किंमत नव्हतीच. जी काय होती ती खेळाच्या नियमांत होती. बदामसातांत सत्तीला मान, तीनशेचारांत गुलामाला मान. डाव मोडला कीं मानही मोडला.

इ. स. २०१८ च्या सुमारास मात्र संगणकावरील पत्त्यांचे असे कांहीं खेळ निघाले कीं, त्यांतील एकेक पत्ता ही खेळणाऱ्याच्या नांवावर चढलेली मिळकत असते. ही नोंद ‘ब्लॉकचेन’मध्यें होते. ब्लॉकचेन म्हणजे अनेक ठिकाणच्या संगणकांवर एकाच वेळीं ठेवलेली खातेवही. तींत एकदां चढलेली नोंद एकट्यादुकट्यास खोडतां येत नाहीं. ज्याच्या नांवावर नोंद, त्यानें पत्ता विकावा, उसना द्यावा, नाहीं तर जपून ठेवावा. ‘खेळ काढणारी कंपनी बुडाली तरी पत्ता तुमचाच,’ असें ह्या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगत आले. ऐकावयास हें गोड वाटतें. परंतु ह्या म्हणण्याची खरी परीक्षा ज्या एका खेळांत झाली, त्याची हकीकत घरोघरच्या वडील मंडळींस ठाऊक असावी, म्हणून ती येथें देण्याचें योजिलें आहे.

तो खेळ म्हणजे व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहरांत २०१८ सालीं निघालेल्या ‘स्काय मेव्हिस’ कंपनीचा ‘ॲक्सी इन्फिनिटी’. मेक्सिकोंत ॲक्सोलॉटल नांवाचा एक जलचर आहे. गळ्याशीं पिसाऱ्यासारखे कल्ले फुटलेला. त्याच्या रूपावरून बेतलेले गुबगुबीत काल्पनिक प्राणी म्हणजे ॲक्सी. तीन ॲक्सींची एक तुकडी. प्रत्येकास डोळे, कान, तोंड, शिंग, पाठ आणि शेपटी अशीं सहा अंगें. पैकीं पहिल्या आवृत्तींत शेवटचीं चार अंगें प्रत्येकीं एकेक पत्ता देत. त्या प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे तिघांचे मिळून चोवीस पत्ते. पत्ता आणि प्राणी वेगळे नाहींत, ही यांतली मौज. शेपटीचा पत्ता नको असेल तर प्राणीच दुसरा घ्यावा लागे.

मुख्य वर्ग सहा: श्वापद, कीटक, पक्षी, वनस्पति, जलचर आणि सरपटणारे. शिवाय तीन दुर्मिळ. जन्मतः ह्या सहाही वर्गांस गुण सारखेच, १४०. फरक आहे तो वांटणीचा. वनस्पतीच्या पदरीं प्राणशक्तीचे ४३ व वेगाचे ३१. पक्ष्याच्या पदरीं प्राणशक्तीचे अवघे २७, पण वेगाचे ४३. पुढें प्रत्येक अंग आपापल्या वर्गाच्या स्वभावाप्रमाणें भर घालतें, आणि सहाही अंगें पक्ष्याचींच असलेला शुद्ध पक्षी वेगांत ६१ वर पोंचतो. हा ६१ चा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मारा बहुधा समोरच्या सर्वांत जवळच्या प्राण्यावर पडे. म्हणून जाड कातडीची वनस्पति ढालीसारखी पुढें आणि नाजूक पण घातक गडी मागें, ही सर्वमान्य रचना होती. वनस्पति व सरपटणारे हे जलचर आणि पक्षी यांवर वरचढ. जलचर आणि पक्षी हे श्वापदांवर व कीटकांवर. आणि तेच श्वापद-कीटक उलटून वनस्पतीवर. वरचढाच्या माऱ्यास शेंकडा १५ ची भर. परंतु खरी लढाई ह्या रचनेंत नव्हे, तर मोजणींत असे. आरंभीं हातांत सहा पत्ते आणि तीन शक्ति. पुढें दर फेरीस तीन पत्ते आणि दोन शक्ति. दोन्ही खेळाडू आपापले पत्ते गुपचूप लावीत, आणि मग ज्याचा वेग अधिक त्याचे आधी उघडत. समोरच्या प्राण्यांचीं अंगें दिसत असल्यामुळें त्याचे चोवीस पत्ते कोणते हें ठाऊक असे. त्यांपैकीं आतां हातांत कोणते आणि गांठीला शक्ति किती, हें मात्र झांकलेलें. कसलेला खेळाडू शेजारीं कागद घेऊन बसे. एखादी फेरी तो मुद्दाम कांहींच न खेळतां अंगावर घेई, शक्ति सांठवी, आणि पुढच्या फेरींत एकाच प्राण्याचे तीन-चार पत्ते एकदम उतरवून समोरची भिंत पाडी. कांहीं पत्ते प्रतिपक्षाची शक्ति चोरीत. एका वनस्पतीच्या शेपटीचा पत्ता असा कीं, तिची ढाल फुटली तर तिच्या धन्यास एक शक्ति परत मिळे. म्हणजे ढाल फोडावी कीं सोडावी, हा पेंच फोडणाऱ्यालाच!

आमच्या घरांतील एका चिरंजीवांनीं हा डाव फोनवर उलगडून दाखविला, तेव्हां ऐन उमेदींत तीनशेचारांत कोणास हार न गेलेल्या आमच्या आत्याबाई चष्मा सांवरून म्हणाल्या, “अरे, हा तर आपला झांकला हुकूम! पडलेलीं पानें मोजतां येत नसतील त्यानें बसूं नये.” त्यांचें निदान अचूक होतें.

आतां पैशाची बाजू. जिंकणाऱ्यास ‘स्मूथ लव्ह पोशन’ नांवाचें एक नाणें मिळे. दोन ॲक्सींपासून तिसरा निपजवावयाचा तर हें नाणें खर्ची पडे, आणि एका ॲक्सीची वीण जन्मांत सातच वेळां. नाण्याला बाजारांत डॉलर येत. २०२० सालीं महामारीमुळें फिलिपाइन्समध्यें रोजगार बंद पडले, तेव्हां न्येवा एसिहा प्रांतांतील काबानातुआन शहरीं लोक ह्या खेळावर घर चालवूं लागले. त्यांत लहानसें दुकान चालविणारें एक वृद्ध जोडपेंही होतें. पुढें खेळाची कीर्ति पसरली तशी प्राण्यांची किंमत चढली. २०२१ च्या मध्यास तीन ॲक्सींची साधी तुकडी घेण्यास शेंकडों डॉलर पडूं लागले. ज्याच्याजवळ तेवढे नाहींत त्यानें काय करावें? त्यानें दुसऱ्याची तुकडी वाट्यानें घ्यावी. मालक कोठें तरी परदेशीं. त्याच्या प्राण्यांवर राबणारा ‘स्कॉलर’ मनिलांत किंवा खेड्यांत. उत्पन्नाची ठरलेली वांटणी. ज्या घरांतून कुळकायद्याच्या गोष्टी अजून निघतात, तेथें ही व्यवस्था अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं. शिष्यवृत्तीचें नांव खंडकऱ्याला दिलेलें पाहून मात्र हंसूं येतें. २०२१ च्या नोव्हेंबरांत रोज खेळणाऱ्यांची संख्या सुमारें २७ लाखांवर गेली होती.

आतां कोणत्याही पत्त्यांच्या खेळांत एक रोग असतोच. एखादा पत्ता किंवा एखादी रचना इतकी प्रबळ ठरते कीं जो तो तीच खेळतो, आणि खेळ मरगळतो. तेव्हां पंचानें मध्यें पडून पारडें सारखें करावें लागतें. हें कसें करावें, याच्या रीति निरनिराळ्या. रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञानें १९९३ सालीं काढलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ ह्या खेळाचे पत्ते कागदी, छापलेलें अक्षर बदलणें कठीण, म्हणून अतिप्रबळ पत्ते स्पर्धांतून वर्ज्य करण्याची किंवा त्यांवर मर्यादा घालण्याची प्रथा तेथें पडली. त्या कंपनीनें १९९५ सालीं जुने दुर्मिळ पत्ते पुन्हां छापले, तेव्हां संग्राहकांनीं एवढा गिल्ला केला कीं, दुसऱ्याच वर्षीं ठराविक पत्ते पुन्हां कधींही न छापण्याचें वचन तिला द्यावें लागलें. म्हणजे पंच आणि सावकार यांचा तंटा कागदी पत्त्यांतही होताच. २०१४ सालच्या ‘हार्थस्टोन’मध्यें पत्ते संगणकावरचे, रातोरात एखाद्याचा जोर उतरवितां येतो. पण उतरविलेला पत्ता मोडीत देणारास कांहीं दिवसपर्यंत खेळांतल्या चलनांत पुरी भरपाई मिळते. तेथें पत्ता विकतां येत नसल्यामुळें तक्रार खेळाच्या चौकटीबाहेर जात नाहीं.

ब्लॉकचेनवरील खेळाची गोष्ट निराळी. खातेवहींत नोंद कशाची होते? अमुक ॲक्सी अमक्याचा, आणि त्याचें कुळ-बीज अमुक, एवढ्याची. तें बीज रणांगणांत किती घाव घालील, किती वेगानें धांवेल, जिंकल्यावर किती नाणीं मिळतील, हें ठरतें कंपनीच्या स्वतःच्या संगणकांत. सातबाराचा उतारा तुमच्या नांवाचा खरा. पण पाटाचें पाणी कोणत्या महिन्यांत सोडावयाचें हें तुम्हांस विचारून ठरत नाहीं, आणि पाण्यावांचून त्या उताऱ्याची किंमत काय, हें शेतकऱ्याला सांगावयास नको.

२०२२ च्या फेब्रुवारींत हें पाणी तोडण्यांत आलें. रोज जितकीं नाणीं निर्माण होत त्या मानानें विणीमध्यें जळणारीं फार थोडीं, त्यामुळें नाण्याचा भाव महिनोंमहिने घसरत होता. कंपनीनें आदल्या वर्षीं बक्षिसांस कात्री लावून पाहिली होती. आतां विसाव्या हंगामाच्या आरंभीं एकट्यानें खेळावयाच्या साहस-भागांतील आणि नित्याच्या कामगिरीवरील नाणीं तिनें साफ बंद केलीं. यापुढें मिळकत केवळ रिंगणांतल्या विजयाची. हें न केल्यास सगळी व्यवस्था कोसळेल, असें तिनें स्पष्ट बजावलेंही होतें.

आमच्या मतें खेळ म्हणून हा निर्णय रास्त होता, आणि फार उशिरां घेतलेला होता. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून जुन्याची मिळकत भागविणारें गणित कोणत्याही पंचास फार दिवस पेलत नाहीं. परंतु तोच निर्णय दुसऱ्या बाजूनें पाहतां कोणाच्या तरी घरची मजुरी एका जाहिरनाम्यानें उतरविणारा होता. त्यांत पुन्हां मेख अशी कीं, रिंगणांत पैसा उरला तो मोजणींत तरबेज असणाऱ्यांस. आणि ज्यांनीं पोटासाठीं नेमानें रोजची पाटी टाकली, त्या स्कॉलरांचें नांव खातेवहींत नव्हतेंच! मिळकत परक्याची, श्रम आपले, आणि पंच कंपनी. ब्लॉकचेनची न पुसणारी शाई त्यांच्या कामीं कोठेंच आली नाहीं. पुढच्याच महिन्यांत, २३ मार्च रोजीं, खेळाच्या ‘रोनिन’ ह्या नाणेपुलावर दरोडा पडून १,७३,६०० इथर आणि अडीच कोटींवर डॉलरांचीं दुसरीं नाणीं गेलीं. नऊ पहारेकऱ्यांपैकीं पांचांच्या किल्ल्या चोरांच्या हातीं लागल्या होत्या, आणि कंपनीला त्याचा पत्ता लागला तो २९ तारखेस. ती कथा स्वतंत्र लेखाची आहे. येथें तिचा निर्देश पुरे.

त्यानंतर एप्रिलांत नवी आवृत्ति आली, ‘ओरिजिन’. तींत सहाही अंगें पत्ते देऊं लागलीं, हंगामी ताईत आले, आणि नवशिक्यास तीन प्राणी फुकट मिळूं लागले. ही शेवटची गोष्ट आधींच झाली असती तर बरें झालें असतें. पण मोठा फरक असा कीं, गुपचूप पत्ते लावून वेगाच्या क्रमानें उघडण्याची जुनी रीत गेली आणि दोघांनीं पाळीपाळीनें खेळण्याची आली. आतां तो ६१ चा आंकडा आठवावा. शुद्ध पक्ष्याला गिऱ्हाईक अधिक मोजत होतें तें ह्याच एका आंकड्यासाठीं, कीं सगळ्यांच्या आधीं त्याचा घाव पडावा. पाळीपाळीच्या खेळांत त्या आंकड्याचें जुनें राज्य उरलें नाहीं. कोणीं चोरी केली नाहीं, कोणाची नोंद खोडली नाहीं. पक्षी धन्याच्या नांवावर जसाचा तसा राहिला.

आपल्याकडील सरकारनें ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्यापुरतें देऊन टाकलें आहे. १ एप्रिल २०२२ पासून असल्या वस्तु ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ठरून त्यांवरील नफ्यास शेंकडा ३० कर लागूं झाला, आणि तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नांतून वजा करण्याची सोय ठेविली नाहीं. म्हणजे कराच्या वेळीं ती मालमत्ता, आणि पारडें हललें तर तो खेळ.

पत्त्यास हात न लावतां पारडें सारखें ठेवण्याची एक युक्ति ‘स्प्लिंटरलँड्स’ ह्या दुसऱ्या खेळांत आहे. ‘स्टीम मॉन्स्टर्स’ ह्या नांवानें २०१८ मध्येंच निघालेल्या ह्या खेळांत प्रत्येक लढाईपूर्वीं नियम नव्यानें पडतात: कधीं खर्चाची मर्यादा तोकडी, कधीं थोर योद्धे वर्ज्य, कधीं वेगाचा क्रमच उलटा, म्हणजे सर्वांत मंद तो पहिला. त्यामुळें एकच तुकडी घोकून भागत नाहीं आणि अडगळींतला पत्ताही एखादे वेळीं राजा होतो. सावंतवाडीच्या १२० पानांच्या दशावतारी गंजिफा ज्यांनीं हाताळल्या असतील, त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल. तेथें दिवसा डाव असेल तर रामाला मान आणि रात्रीं असेल तर कृष्णाला, शिवाय निम्म्या रंगांत पानांची चढती भांजणी उलटी. स्प्लिंटरलँड्सच्या कर्त्यांनीं गंजिफा पाहिल्या असतील असें नव्हे. शहाणपण दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचूं शकतें.

तरी तेथेंही धन्याची सुटका झाली नाहीं. २०२१-२२ मध्यें त्या खेळानें ‘केऑस लीजन’ नांवाच्या नव्या संचाच्या दीड कोटि पुड्या विक्रीस काढल्या. जुन्या पत्त्यांवरील एकही आंकडा कोणीं बदलला नव्हता; पण बाजारांत पत्त्यांचा एवढा सुकाळ झाला कीं भाव उतरले ते उतरलेच, आणि ज्यांनीं जपून ठेवले होते ते जपूनच राहिले.