पेढीला कुलूप, घराचे दार मात्र उघडे

स्वारगेटपासून मार्केट यार्डापर्यंतच्या आपल्या पेढ्यांवर एक जुना दंडक आहे : खातेवही परक्याच्या हाती द्यावयाची नाही. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा व्यापार, त्या कुटुंबीयांची माहिती मात्र आपण मुक्तहस्ते वाटत असतो.

समाजाची परिचय-पुस्तिका पाहावी. पत्नी, मुले, सुना, जन्मतारखा, भ्रमणध्वनी, घरचा पत्ता, सारे एका पानावर. पूर्वी ही पुस्तिका कपाटात राही. आज तिची पीडीएफ प्रत व्हॉट्सअ‍ॅपवरून कोठेही पोहोचते. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकताच व्यवसायाचा नोंदलेला पत्ता दिसतो. तेथे राहते घर नोंदविले असेल, तर घरही उघड होते. त्यात मुलीचे शाळेच्या गणवेशातील छायाचित्र आणि सहकुटुंब यात्रेचे त्याच दिवशीचे छायाचित्र यांची भर पडली, की मुले कोठे शिकतात आणि आज घरी कोणी नाही, हे तिऱ्हाइताला बसल्या जागी कळते.

हा धोका काल्पनिक नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक उघडकीस आली. अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकाला व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला आणि सांगितलेल्या खात्यांत रक्कम भरली गेली. मालकाच्या नावावरील विश्वासच तेथे हत्यार ठरला. वडिलांचे छायाचित्र लावून असाच संदेश आपल्या मुनीमजींना किंवा परगावी शिकणाऱ्या मुलाला येऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. मात्र जी माहिती आपण स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणून पहिला पहारा घरचाच हवा.

पुस्तिकेत कुटुंबप्रमुखाचे नाव व पेढीचा दूरध्वनी पुरेसा आहे. मुलांच्या जन्मतारखा वगळाव्यात. प्रवासाची छायाचित्रे परतल्यावर टाकावीत. पैशांची मागणी करणारा संदेश आल्यास, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याविना रक्कम पाठवू नये. घरातल्यांनाच ठाऊक असा परवलीचा एक शब्द ठरवावा. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचा अर्ज घरी येईल, तेव्हा ज्यांची माहिती त्यात भरावयाची, त्या सुनेला आणि मुलांना आधी विचारावे.