घरातलं वर्कशॉप : आधी अचूकता, मग मशीन

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे ते कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी 32 एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगलीत. साताऱ्याकडे धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत पोचला. यंत्रं घडवण्याचं हे वेड अजून उतरलेलं नाही. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावी एका कारागिराने भंगारातले भाग जुळवून, किक मारून सुरू होणारी चारचाकी केली आणि 2021 च्या अखेरीस ती देशभर गाजली.

अशा मुलखात घराच्या पडवीत एखादा लेथ असावा, असं कुणालाही वाटेल. मग पहिला प्रश्न येतो, ‘कोणतं मशीन घेऊ?’ खरं तर त्याआधी विचारायला हवं, की अचूकता येते कुठून?

सपाट पाटी करायला आधी सपाट पाटी लागते, मग जगातली पहिली कशी झाली? उत्तर देखणं आहे. दोन बिडाच्या पाट्या निळा रंग लावून एकमेकींवर टेकवायच्या आणि रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. शेवटी त्या चपखल जुळतात. पण एक खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरीही त्या जुळतातच! म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली अशा जोड्या, पाट्या वळवून वळवून, जुळवत राहायच्या. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तर त्या सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ही रीत जाहीरपणे मांडली. कुठलंही महागडं मशीन नाही. लागते ती चिकाटी आणि तर्क.

लेथलाही हाच तर्क लागू आहे. लेथवरचा जॉब सरळ निघतो, कारण टूल बेडच्या सरळ रेषेत सरकतं. जुना लेथ घेताना रंग बघू नका, बेड बघा. जॉब पकडणाऱ्या चकजवळ काम जास्त होत असल्याने बेड तिथेच जास्त झिजलेला असतो. शिवाय बिडाचा जाड बेडही उंचसखल फरशीवर बोल्ट आवळले की पिळतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येतो. एक जाड सळई फक्त चकमध्ये धरा, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार देऊ नका. सळईवर दोन टोकांना दोन कडी ठेवून मधला भाग बारीक करा. मग टूलला हात न लावता दोन्ही कड्यांवर एकच हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने व्यास मोजा. फरक आला, तर पायाखाली पातळ पत्रे सरकवून पीळ काढा आणि पुन्हा मोजा. चक फिरवणारा हेडस्टॉक तिरका नसेल, तर लेथ इथेच सरळ येतो.

पुढचा मुद्दा वेगाचा. सौम्य पोलाद हायस्पीड स्टीलच्या टूलने कापताना मिनिटाला साधारण 25 मीटर वेग ठेवतात. जॉबचा व्यास 25 मिलिमीटर असेल तर मिनिटाला सुमारे 320 फेरे येतात; व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे करायचे. याहून फार जोरात चालवलं की टूलची धार जळते.

उष्णता मापही फसवते. 50 मिलिमीटरचा शाफ्ट कापताना तापून खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम झाला, तर त्याचा व्यास एका शतांश मिलिमीटरहून जास्त वाढतो. तसाच मोजून काढलेला शाफ्ट थंड झाल्यावर बेअरिंगमध्ये ढिला पडू शकतो. म्हणून शेवटचा कट जॉब निवल्यावरच घ्यावा.

घरात सहसा सिंगल फेज वीज असते, तर कारखान्यातल्या जुन्या लेथला बहुधा थ्री फेज मोटर असते. लहान मोटरसाठी सिंगल फेजवर चालून थ्री फेज देणारा व्हीएफडी घेतला की काम भागतं. मात्र घराचा मंजूर भार आधी तपासावा. महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळी दमट हवेत उघडं पोलाद पटकन गंजतं, म्हणून काम संपलं की बेड पुसून तेलाचा हात द्यावा. 2019 चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराने मोटर आणि स्विच उंचावर ठेवावेत.

एका बाबतीत तडजोड नको. फिरत्या लेथजवळ हातमोजे, सैल बाही, ओढणी, मोकळे केस चालणार नाहीत. चकची किल्ली चकमध्ये विसरू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पैसे साठेपर्यंत थांबायचीही गरज नाही. एक भक्कम व्हाइस, दोन-तीन कानशी, गुण्या आणि व्हर्नियर घ्या. लोखंडाचा एक तुकडा सहाही बाजूंनी काटकोनात कानशीने घासा. जवळच्या आयटीआयमधून शिकलेल्या एखाद्या टर्नरला तो दाखवा आणि चुका विचारा. तो तुकडा गुण्याला उतरला, की लेथ घ्यायला तुम्ही तयार आहात.