बर्फ हटविणारे यंत्र व त्यावरील माणूस

भर वसंतात, आणि तेही बुलढाण्यात, बर्फ हटविण्याच्या यंत्राविषयी बोलावयाचे, याचे श्रोत्यांस नवल वाटेल. आपल्याकडे फार तर गारा पडतात, आणि त्या पडल्या की हरभरा-गव्हाचे पंचनामे सुरू होतात. परंतु बर्फाने बंद झालेला रस्ता आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे चाळीस जवान धारातीर्थी पडले. त्यांत दोघे आपल्या जिल्ह्याचे होते. जम्मू-श्रीनगर रस्ता हिमवर्षावामुळे आधी बंद राहिला होता. जवान जम्मूस अडकून पडले होते, आणि म्हणूनच त्या दिवशीचा ताफा नेहमीपेक्षा पुष्कळ मोठा, अडीच हजारांवर जवानांचा होता. रस्ता वेळेवर मोकळा होणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी यावे.

प्रथम बर्फाचे वजन पाहू. चित्रपटात तो कापसासारखा दिसतो. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद अंगणात अर्धा मीटर बर्फ साचला, तर तो पंचवीस घनमीटर भरतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला सुमारे शंभर किलो धरला तरी पंचवीस क्विंटल झाले. तोच बर्फ दबला, ओला झाला, की तिप्पट जड होतो. म्हणजे पंचाहत्तर क्विंटल! खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या मोजणाऱ्यांस हे ओझे समजावून सांगावयास नको. डोंगरावरील घर, फळबाग किंवा हॉटेल यांचे अंगण फावड्याने मोकळे करता येते. पण तेथवर जाणारा अर्धा मैल चढाचा रस्ता फावड्याने मोकळा होत नाही. तेथे यंत्र लागते.

ही यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. एक पात्याचे. ट्रॅक्टर अथवा डोझरपुढे तिरपे पाते लावून बर्फ बाजूस लोटावयाचा. दुसरे फेकणारे. यात पुढे मळसूत्री स्क्रू बर्फ खरवडून आत ओढतो, मागील पंखा तो सोंडेसारख्या नळीतून दूर फेकतो. कॅनडातील आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली असे मोटारीवरील यंत्र बनविले. धान्याच्या मळणीयंत्रावरून त्यांस ही कल्पना सुचली असे सांगतात. मळणीयंत्र आपल्या ओळखीचे आहे, आणि त्याने तोडलेले हातही. ते हात वाचावेत म्हणून आपल्या संसदेस १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. बर्फ फेकणाऱ्या यंत्राचा धोका अगदी तोच. नळी तुंबते आणि माणूस हात घालतो. इंजिन बंद केल्यावरसुद्धा अडकलेल्या पंख्यात ताण उरलेला असतो आणि तो सुटताच बोटे जातात. म्हणून नियम एकच: इंजिन बंद, सर्व फिरणे थांबलेले, आणि तरीही हात नाही, काठी.

आता केबिनकडे वळू. उणे दहा अंश थंडीत ताशी तीस किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीस ती थंडी उणे वीस अंशांसारखी लागते. त्यात फेकलेला बर्फ वाऱ्याने उलटून तोंडावर येतो. बोटे बधिर झाली की दांडा कोणता व किती ओढला हे कळत नाही. दरीच्या कडेला हे न कळणे म्हणजे मरण. बंदिस्त केबिन, तीतील उष्ण हवा, काच स्वच्छ राखणारे पुसणे व दिवे यांनी माणसाचे डोळे व हात शाबूत राहतात. पाते बोथट असेल तर काम वाईट होते. चालक बधिर असेल तर कामच होत नाही. केबिन हा यंत्राचाच एक भाग आहे, मालकाने केलेला उपकार नाही.

तथापि केबिनचे स्वतःचे तीन धोके आहेत. पहिला धुराचा. यंत्र बर्फात रुतले आणि धुराची नळी बर्फाने झाकली गेली, तर विषारी वायू आत शिरतो. त्यास वास नाही, रंग नाही. डोके दुखते, झोप येते, आणि माणूस उठत नाही. म्हणून रुतलेल्या यंत्रात इंजिन चालू ठेवून ऊब घेत बसू नये. दुसरा धोका बहिरेपणाचा. बंद काचेआड मागच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून मदतनीस नेहमी चालकास दिसेल अशाच जागी उभा राहावा. तिसरा धोका खोट्या भरवशाचा. पत्र्याची खोली म्हणजे संरक्षण नव्हे. यंत्र उलटले तर भार पेलील असा सांगाडा पाहिजे आणि चालकाने पट्टा बांधलेला पाहिजे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर असा सांगाडा सक्तीचा केला, आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणाऱ्यांची संख्या तेथे पुढे फार घटली. हिमस्खलनापुढे मात्र कोणतीच केबिन टिकत नाही.

कामाची रीतही सांगतो. हिवाळ्यापूर्वीच रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवाव्या, कारण बर्फ पडल्यावर कड व दरी एकच दिसते. चाकांना साखळ्या बांधाव्या. बर्फ दबण्याआधी, थोडा असतानाच काढावा. काढलेला बर्फ शेजाऱ्याच्या दारात वा नालीच्या तोंडावर टाकू नये. तो वितळला की त्याचे पाणी आपल्याच पायाखाली येते आणि रात्री पुन्हा गोठते.

श्रीनगर-लेह रस्त्यावर झोजी ला ही खिंड सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. पूर्वी ती हिवाळ्यात सहा-सहा महिने बंद असे. २०२५ साली ती अवघ्या ३२ दिवसांनी, १ एप्रिलला उघडली. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेचे लोक काश्मीरकडून व लडाखकडून असे दोन्ही बाजूंनी बर्फ कापीत आले. वर्तमानपत्रांत यंत्रांची छायाचित्रे येतात. काचेआडचा चेहरा त्यांत बहुधा दिसत नाही.

तो चेहरा आपल्या गावातही आहे. राजूर घाटात किंवा बोथा घाटात पावसाळ्यात दरड खाली आली, की तो जेसीबीवर असतो. मे महिन्यात विहिरीच्या खोदाईवर तोच असतो. आपल्याकडे थंडीच्या जागी ऊन आहे आणि बर्फाच्या जागी मुरुमाची धूळ आहे. उन्हात उभी असलेली बंद काचेची केबिन म्हणजे भट्टीच. वातानुकूलन बिघडलेले असते किंवा डिझेल जाते म्हणून बंद ठेवावयास सांगितलेले असते. मग चालक दारच काढून ठेवतो. दार गेले की धूळ छातीत जाते, आणि यंत्र कलंडले तर माणूस बाहेर फेकला जातो. आमच्या बैठकांत हे गाऱ्हाणे दरवर्षी येते.

मालमोटारींच्या बाबतीत एक पाऊल पडले आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी, अशी अधिसूचना केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. माती उकरणारी यंत्रे या अधिसूचनेत येत नाहीत. तीच सक्ती त्यांसही लागू व्हावी, ही आमची मागणी आहे.

परंतु सगळेच सरकारवर सोडावे असे नाही. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी घराचा पाया, विहीर वा शेततळे यासाठी तासाच्या भाड्याने यंत्र बोलाविले असेल, पुढेही बोलावाल. तासाचा दर ठरविताना तीन गोष्टी विचारा: केबिनला दार आहे काय, पट्टा चालतो काय, आतली थंड हवा चालू आहे काय? आणि दुपारी बारा ते तीन काम थांबवावयास तुमची तयारी आहे, हेही सांगा. गिऱ्हाइकाने विचारले की मालक दुरुस्ती करतो. चार पैसे जास्त पडतील, हे आम्ही लपवीत नाही. आज ते पैसे चालक आपल्या छातीने भरतो आहे.